पॅराशूट आहे

जानेवारीतली रात्र. पुण्याहून चार तास गाडीत अवघडून आम्ही विमानतळावर पोचलो होतो आणि आईची पर्स सुरक्षा तपासणीच्या त्या काळ्या पट्ट्यावरून आत जाऊन परत आली नव्हती. बाजूला काढली होती. जवानानं पर्स उघडली, दोन प्लास्टिकच्या पिशव्या सोडवल्या, त्यांच्या आतलं रबर काढलं, आणि आतून निघाली निळी बाटली. "माताजी, ये क्या है?" आईनं शांतपणे सांगितलं, "पॅराशूट आहे." जवान तरुण होता, रात्रपाळीनं कंटाळलेला असावा. त्यानं बाटली हातात तोलली आणि रांगेकडे बघत म्हणाला, "पैराशूट लेके जा रही हो? पायलट पे भरोसा नहीं है क्या?" रांग हसली. माझ्या मागे लॅपटॉपचा ट्रे घेऊन उभा असलेला मुलगा तर मान मागे टाकून हसला. मीही हसले.

आई हसली नाही. तिला वाटलं, प्रश्न पातळ-घट्टचा आहे. गाडीत मी तिला सांगितलं होतं ना, १०० मिलीपेक्षा जास्त पातळ काही नेता येत नाही म्हणून. मग तिनं बाटली त्याच्या हातातून घेतली, झाकण उघडलं आणि सरळ उलटी धरली. थेंब पडला नाही. जानेवारीतलं खोबरेल, वरून गाडीचा एसी, आत दगड झालेला. "हे बघा, सांडत नाही. घट्ट आहे," ती मराठीतूनच म्हणाली. एक क्षण तो जवान खरोखर अडकला. मग त्यानं मान हलवली आणि बाटली बाजूच्या डब्यात टाकली. धप्प असा आवाज आला. भरलेली बाटली होती, मुहूर्तावर आणल्यासारखी आदल्या दिवशी वाण्याकडून आणलेली.

विमानात दिवे मंद झाल्यावर आई खिडकीकडे तोंड करून बसली. तिचा हात अधूनमधून मागे अंबाड्याकडे जात होता. मी विचारलं, "आई, वाईट वाटलं का?" "कशाचं? तेलाचं? जाऊ दे गं, एकशे-काही रुपयांची गोष्ट." पण मला तेलाचं विचारायचं नव्हतं. मी हसले होते त्याचं विचारायचं होतं, आणि ते काही विचारता आलं नाही. टोरोंटोला पोचेपर्यंत आणि नंतरही बरेच दिवस तो 'धप्प' माझ्या कानात राहिला.

मला तेव्हा वाटलं ते असं: आईसाठी या शब्दाचा अर्थ तेवढाच आहे. आयुष्यात खऱ्या पॅराशूटशी तिचा कधी संबंध आला नाही, आणि परक्या जागी, भर रांगेत, तिच्या घरातला एक शब्द उघडा पडला. आपल्या माणसाचा घरगुती शब्द चारचौघांत हास्यास्पद होतो तेव्हा त्याच्या बाजूनं उभं राहायचं असतं. मी समोरच्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले होते. तेही इतक्या सहज.

आमच्या घरात 'खोबरेल' हा शब्द आजीचा. आईचा 'पॅराशूट'. "वाण्याकडून पॅराशूट आण, लहान नको, मधली." बाटलीवर चित्र नारळाच्या झाडाचं आणि नाव आकाशातून खाली येणाऱ्या वस्तूचं, याचं आम्हाला लहानपणी काही वाटलं नाही. नावांना अर्थ असलाच पाहिजे असं तेव्हा कुठे वाटतं. थंडीत बाटली बाथरूममध्ये बंबाच्या शेजारी ठेवलेली असे. शाळेची घाई असली की आई ती गरम पाण्याच्या तांब्यात बुडवायची. कडेनं तेल आधी सुटायचं, काचेसारखं, आणि मध्ये पांढरा खांब उभा राहायचा. तो खांब बारीक होत होत नाहीसा होताना बघणं हा माझा सकाळचा उद्योग. पण घाईच्या दिवशी आई तितकंही थांबायची नाही. झाकण काढायची, विणायची सुई त्या अरुंद भोकातून आत घालायची आणि टोकाला लागलेला गोठलेला गोळा तळहातावर घेऊन चोळायची. दोन-चार वेळा हात फिरला की पांढऱ्याचं पाणी. मग ते डोक्यावर टाळूशी थापायचं, चापट मारल्यासारखं, आणि वेण्या इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या. रविवारी न्हाण्याआधी तेच तेल कोमट करून, खाली वर्तमानपत्र अंथरून, तिच्या दोन गुडघ्यांमध्ये माझं डोकं. तेव्हा मी रडायचे. आता तो वास कुठे आला की मान आपोआप मागे झुकते.

बाटली संपली तरी संपायची नाही. आधी ती उलटी ठेवली जायची, मग उन्हात, आणि शेवटी विळीवर आडवी कापून बोटानं आतलं पुसून घ्यायचं. त्याआधीच्या पत्र्याच्या डब्यांची आठवण आईला होती, मला नाही. पत्र्याचं प्लास्टिक करताना कंपनीला म्हणे उंदरांची धास्ती होती. आधी कुणीतरी काढलेल्या चौकोनी बाटल्या उंदरांनी कुरतडल्या होत्या, म्हणून दुकानदार प्लास्टिक ठेवायला तयार नव्हते. मग बाटली गोल केली, म्हणजे दातांना कोपरा सापडू नये, आणि भरलेल्या बाटल्या उंदरांसोबत पिंजऱ्यात ठेवून खात्री करून घेतली. हा किस्सा पॅराशूट बनवणाऱ्या मॅरिको कंपनीच्या खुद्द हर्ष मारीवालांनी सांगितलेला आहे. मला तो फार आवडतो. आपल्या घरातल्या एखाद्या वस्तूचा आकार कुठल्यातरी अंधाऱ्या गोदामातल्या उंदरांनी ठरवलेला असतो.

आणि ही वस्तू नक्की काय, हे ठरवायला जवानापेक्षा मोठ्या लोकांनाही घाम फुटला आहे. लहान बाटलीतलं खोबरेल हे खाण्याचं तेल की केसांचं तेल, यावर कर खातं आणि तेलवाले वर्षानुवर्षं भांडत होते, कारण खाण्याच्या तेलावर कर कमी आणि केसांच्या तेलावर जास्त. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल होत नाही. केसांचं म्हणून विकत नसाल तर ते खाद्यतेलच. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात केसांच्या तेलावरचा करही खाली आणून ५ टक्क्यांवरच ठेवला, म्हणजे एवढं भांडण झालं ते झालंच. आमच्या स्वयंपाकघरात कोकणातल्या मामीखेरीज कुणी त्यात फोडणी दिली नाही. पण आई भाजलेल्या बोटाला तेच लावायची, दाराच्या बिजागरीला तेच, फणसाच्या चिकानं हात बरबटले की तेच. न्यायालयानं आईला बोलावलं असतं तर निकाल आणखी लांबला असता.

आईला टोरोंटोला दादाकडे सोडून परत आल्यावर एका दुपारी मी शब्दाच्या मागे लागले. 'शूट' म्हणजे गोळी मारणं नव्हे, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. शब्द फ्रेंच. 'शूट' म्हणजे पडणं, आणि 'पॅरा' म्हणजे वारणारं, अडवणारं. उन्हापासून वाचवते ती पॅरासोल, पडण्यापासून वाचवतं ते पॅराशूट. लुई-सेबास्तियाँ लनॉर्मां नावाच्या माणसानं हा शब्द घडवला आणि १७८३ च्या डिसेंबरात माँपेलिए गावातल्या वेधशाळेच्या मनोऱ्यावरून ते धरून उडीही मारली. त्याच्या डोक्यात विमान असणं शक्यच नव्हतं. आग लागलेल्या घरातून माणसांना खाली उतरता यावं एवढाच त्याचा विचार होता. म्हणजे शब्द जन्मला तो घराच्या खिडकीतून, आकाशातून नाहीच.

मराठीत आपण त्याला हवाई छत्री म्हटलं आणि त्यातून उतरणाऱ्या सैनिकाला छत्रीधारी. मला हे भाषांतर फ्रेंचपेक्षा गोड वाटतं. त्यांनी पडण्याला नाव दिलं, आपण डोक्यावरच्या आसऱ्याला दिलं. १९७१ च्या ११ डिसेंबरला, बांगलादेशच्या लढाईत, टांगाईलला जी छत्रीधारी पलटण उतरली ती २ पॅरा, आणि तिचं मूळ मराठा लाइट इन्फन्ट्रीतलं. उतरले सातशेच्या आसपास. वर्तमानपत्रांकडे मात्र आग्र्यातल्या जुन्या सरावाचा फोटो गेला, आकाश छत्र्यांनी भरलेलं, आणि जगाचा समज झाला की अख्खी ब्रिगेड उतरली. आम्ही शाळेत असताना इतिहासाच्या बाई हे फार रंगवून सांगायच्या आणि त्या दिवशी मधल्या सुट्टीत हमखास कुणीतरी छत्री उघडून कठड्यावरून उडी मारायचं. छत्री उलटी व्हायची. गुडघे फुटायचे.

आमच्या दादाचा प्रयोग त्याहून शास्त्रशुद्ध. बाबांचा रुमाल, चार कोपऱ्यांना आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा, दोरे एकत्र आणून खाली खडा. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सोडलं की ते झोके खात, गिरक्या घेत, शेजारच्यांच्या वाळवणावर जाऊन पडायचं. दादानं कुठेतरी वाचलं की मध्यभागी भोक पाडलं की झोके थांबतात. हे खरं आहे. १७९७ मध्ये गार्नेरां नावाच्या माणसानं पॅरिसवर फुग्यातून उडी घेतली तेव्हा त्याची टोपली अशी भयंकर हेलकावत खाली आली होती, कारण आत कोंडलेली हवा कधी या काठानं सुटे, कधी त्या. वर भोक ठेवलं की ती सरळ वर निघून जाते आणि छत्री शहाण्यासारखी उतरते. छत्रीला भोक म्हणजे आपल्याकडे छत्री गेली कामातून. इथे भोक नसेल तर माणूस कामातून जातो. दादानं बाबांच्या रुमालाला नेलकटरनं नीट गोल भोक पाडलं. खडा अगदी सरळ खाली गेला. बाबांनी ऑफिसात नाक पुसायला रुमाल काढला तेव्हा त्यातून त्यांना साहेब दिसले असं ते सांगायचे. दर वेळी तेवढंच सांगायचे आणि दर वेळी आम्ही हसायचो.

बाबा गेले तेव्हा वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर मी लिहायला बसले. काकांनी सांगितलं, काही नवं करू नको, नेहमीचं लिही, 'पितृछत्र हरपले'. मी लिहिलं. मोजून दोन शब्द, आणि त्या वेळी ते छापील वाटले होते. बाबा गेल्यावर आईचं जे हरपलं त्याला मात्र असा तयार शब्द वर्तमानपत्राकडे नव्हता.

बाकी हल्ली पॅराशूट जिकडेतिकडे आहे. पावसाळ्याच्या तोंडावर लक्ष्मी रस्त्याच्या फूटपाथवर विक्रेता ओरडत असतो, "पॅराशूटचं आहे ताई, पॅराशूटचं, पाणी शिरलं तर पैसे परत!" आणि हातात असतं स्कूटरचं कव्हर. तो कपडा चुरचुरतो, हलका असतो, एवढ्यावर त्याला ही पदवी. पैसे परत मागायला गेलं तर फूटपाथच रिकामा. निवडणूक जवळ आली की पॅराशूट उमेदवार. मुंबईहून किंवा पलीकडच्या पक्षातून येऊन थेट तिकिटावर उतरतात, आणि खाली पंधरा वर्षं सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता मान वर करून बघत राहतो. या अर्थात एक गंमत आहे. इथे छत्री वरच्याला वाचवते आणि दुखापत खालच्याला होते. तारकर्लीला बोटीमागे बांधून वर पाठवतात तेही आमच्या भाच्यांच्या भाषेत पॅराशूटच. मी एकदा गेले होते. वर गेल्यावर जी शांतता आली तिची मला तयारी नव्हती. नंतर दोन दिवस काखेत पट्ट्यांचे वळ होते.

मे महिन्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. दादाच्या घरामागच्या हिरवळीवर ती खुर्ची टाकून बसली होती, अंगात स्वेटर. "इथे बघ काय आहे," म्हणून तिनं फोन गवताकडे वळवला. पिवळ्या फुलांची आता पांढरी, पिसासारखी गोल डोकी झालेली. ती वाकली, एक देठ खुडला आणि फुंकर मारली. "म्हातारी!" ती म्हणाली. "इथेही म्हातारी आहे गं. आपल्याकडे रुईची असते तशीच." पडदाभर बारीक छत्र्या उडाल्या. आमच्या वाड्याच्या मागे रुईची फळं फुटली की त्या रेशमी म्हाताऱ्या आम्ही ओंजळीत पकडायचो, इच्छा मागून परत सोडायचो. बीला खाली न पडू देणारा तो झुबका. जगभर त्याला पाहून लोकांना पॅराशूट सुचत असेल. आपल्याला म्हातारी सुचली, पांढऱ्या केसांची.

केसांवरून ती तेलावर आली. इंडियन स्टोअरमधून दादानं आणून दिलंय, पण ते सारखं गोठतं, इथलं ऊन दिसतं पण लागत नाही, मग सूनबाई हीटरच्या जाळीवर बाटली ठेवते. मला राहवलं नाही. विचारलं, "आई, त्या दिवशी विमानतळावर ते सगळे का हसले, कळलं होतं तुला?"

"न कळायला काय झालं? विमानात पॅराशूट. मला नंतर विमानात हसू येत होतं, पण तू तोंड एवढंसं करून बसली होतीस."

"मग तिथे काही बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? त्याला रांग पुढे काढायची होती. आणि पॅराशूटचं मला तो काय सांगणार? माझा परकर होता पॅराशूटचा."

मला वाटलं, फूटपाथवरच्या कापडाबद्दल बोलतेय. पण नाही. आजोबा खडकीच्या डेपोत कारकून होते एवढं मला माहीत होतं. लढाई संपून काही वर्षं झाली तरी डिस्पोजलचा माल निघत असे, तंबू, बूट, कंबरपट्टे, डबे. त्यात एकदा त्यांनी जुनं पॅराशूट घेतलं. फाटकं होतं, म्हणून स्वस्त. घरी आणून उलगडलं तर माजघर, ओसरी भरून उरलेलं अंगणात गेलं. "रेशीम होतं का नायलॉन, मला काय कळतंय, सात-आठ वर्षांची होते. पण हातातून नुसतं सुळकन जायचं. आणि अगं, ते कापड सरळ नसतंच. लांब लांब तिकोनी पट्टे जोडलेले. आई म्हणाली, हे तर कळ्या कापून आयत्याच दिल्यात की!" आजीनं शिवणी उसवल्या, खालचं-वरचं कापलं आणि तीन बहिणींना कळ्यांचे तीन परकर शिवले. पाऊण आकाश उरलं ते गाद्यांच्या खोळींना गेलं. "एवढा घेर कुणाच्याच परकराला नव्हता वाड्यात. गिरकी घेऊन पटकन खाली बसलं ना, की हवा भरून असा फुगायचा. आणि मग हळूहळू बसायचा. आम्ही दिवसभर तेच करत असू." हे सांगताना तिनं फोन मांडीवर ठेवला असावा, कारण मला फक्त टोरोंटोचं आभाळ दिसत होतं आणि आवाज तिचा येत होता.

इतक्या वर्षांत हे कधी सांगितलं नाहीस, म्हटलं. "परकराचं काय सांगायचं? तू कधी विचारलंस?" मग तिला आठवलं. "त्याची दोरी आहे अजून. माळ्यावरच्या काळ्या ट्रंकेला बांधलीय बघ, कडी तुटल्यापासून. सुतळी कुजते, ती काही कुजत नाही."

फोन ठेवून मी शिडी लावली. ती ट्रंक मी कितीतरी वेळा सरकवली आहे, दर दिवाळीला तिच्यावरची धूळ झटकली आहे. दोरी बोटाएवढीही जाड नाही. पांढरी असणार कधीकाळी, आता राखाडी, वेणीसारखी विणलेली, एका टोकाला पीळ सुटून आतले बारीक धागे बाहेर आलेले. हाताला मऊ लागली, जरा तेलकटही. ट्रंकेला दोन वेढे आणि वर आईची गाठ, ती वेणीच्या रिबिनीला बांधायची तशी, आवळून दोनदा. मी सोडवायचा प्रयत्न केला. नखं दुखली, गाठ हलली नाही. कात्री आणायला म्हणून शिडीवरून उतरले, एकेक पायरी चाचपत, आणि खाली आल्यावर शिडी उचलून जागेवर ठेवून दिली.